गुलाबी मुठींची सायकल

आमच्या ताईंना कुणी ‘बिचाऱ्या’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. त्यांनी सायकल सुरू केली त्या आठवड्यात हा शब्द मी इतक्यांच्या तोंडून ऐकला की शेवटी मोजायचं सोडून दिलं. समोरची शिंपीण म्हणाली, कोपऱ्यावरचा औषधवाला म्हणाला, वरच्या मजल्यावरच्या काकू तर जिन्यात थांबवून माझा हात हातात घेऊन म्हणाल्या. आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत आधी मीच म्हटलं होतं. आपलं आपणच आधी कबूल केलेलं बरं, नाहीतर लोक तिखटमीठ लावून सांगतात.

ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, माझी नणंद. एकवीस वर्षं आम्ही दोघी एका ओट्याशी उभ्या आहोत. भांड्याला भांडं लागतंच, आणि आमच्याकडची दोन्ही भांडी जाड बुडाची, त्यामुळे आवाज जरा मोठा. ताईंचं वय चौपन्न. अंगानं काटक, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. लग्न केलं नाही. का नाही केलं, असं कुणी विचारलं तर त्या त्याच्या तोंडाकडे बघून म्हणतात, “तुमची खालची डावी दाढ किडायला लागलीय, दाखवून घ्या.” विचारणारा तोंड मिटतो आणि पुन्हा फारसं उघडत नाही.

त्या कवळ्या करतात. दाताचे डॉक्टर माणसाच्या बोळक्या तोंडाचं माप घेतात, ते माप शहरातल्या लॅबमध्ये येतं, आणि तिथं प्लास्टरच्या जबड्यावर गुलाबी मेणात एकेक दात बसवायचं काम ताई करतात. गेली पस्तीस वर्षं. त्यातही समोरचे सहा दात त्यांच्याकडेच येतात, कारण माणूस ओळखू येतो तो त्या सहा दातांवरून. दाढा कुणीही बसवतं, असं त्या दाढा बसवणाऱ्यांच्या देखत म्हणतात. लॅबमध्ये त्यांचं टेबल खिडकीजवळ आहे. तिथं सकाळी सपाट, स्वच्छ उजेड येतो, कशाचीही सावली पडत नाही. ते टेबल ज्याचं, तो लॅबमधला पहिला कारागीर. लॅबमध्ये कुठं तसं लिहिलेलं नाही, पण ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आता एक गोष्ट समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढचं सगळं उगाच वाटेल. मेणाचं काम सकाळीच करावं लागतं. हवा गार असते, मेण घट्ट असतं, दात बसवला की बसला. ऊन चढलं, पॉलिशची मशिनं तापली की मेण सैलावतं आणि सरळ बसवलेला दात आपला आपण कलतो. लॅबमधले लोक म्हणतात, सकाळचं मेण आपलं ऐकतं, दुपारचं मेण आपल्याला ऐकवतं. म्हणून तिथं आठ म्हणजे आठ. साडेआठला येणाऱ्याला त्या टेबलावर बसून उपयोग नाही.

आणि नेमकी आमच्या वस्तीतून शहरात जाणारी थेट बस बंद झाली. एक दिवस थांब्यावर कागद चिकटवलेला दिसला, दुसऱ्या दिवशी बस नाही. आता तीन गाड्या बदलायच्या, त्यातली पहिली सहानंतर सुटते आणि मधली कधी येईल ते तिच्या ड्रायव्हरलाही माहीत नसावं. पहिले दोन आठवडे ताई कधी साडेआठला पोचल्या, कधी नऊला. तिसऱ्या आठवड्यात मास्तरांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं.

मास्तर म्हणजे लॅबचे मालक. ताईंना एकोणिसाव्या वर्षी मेणाची सुरी कशी धरायची ते त्यांनीच शिकवलं. एके काळी त्यांच्यासारखा हात शहरात नव्हता म्हणे. आता साठी उलटली आहे; स्वतः टेबलावर बसत नाहीत, सगळीकडे फिरून बघतात. ते म्हणाले, “बाई, एक तारखेपासून आठला येणं जमणार असेल तर टेबल तुमचं. नाहीतर तुम्ही खाली काउंटरवर बसा, तयार माल डब्यांत भरून द्या. खिडकीला मी नवा कारागीर बसवतो.” नवा कारागीर येऊन बसलाही होता. चष्मा लावणारा, चांगला चाळिशीचा माणूस, दुसऱ्या लॅबमधून आलेला. स्वतःची सुरी कापडात गुंडाळून आणली होती.

ताईंनी घरी येऊन हे दोन वाक्यांत सांगितलं आणि पाय धुवायला गेल्या.

मग आमच्या घरात सल्ल्यांचा पूर आला. माझा नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपांवर पहिल्या पाळीला असतो, त्याची वाट उलट्या दिशेला, म्हणजे सोडायला जाणं शक्य नाही. तो म्हणाला, “ताई, बस झालं आता. पस्तीस वर्षं केलंस. घरी बस.” मी म्हटलं, शहरात बायकांच्या वसतिगृहात खोली घ्या, शनिवारी येत जा. काकू म्हणाल्या, काउंटर काय वाईट, खुर्ची मिळते, पंखा असतो. ताईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. ऐकून घेतात तेव्हाच घाबरायला हवं, हे एकवीस वर्षांत मला कळायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या सायकल घेऊन आल्या. नवी नाही, पण दणकट. मागं कॅरिअर, पुढं दिवा.

“हे काय?” मी विचारलं.

“सायकल.”

“ते दिसतंय. कशाला?”

“तेवीस किलोमीटर आहे. पावणेदोन तास लागतील. बसपेक्षा कमीच.”

मी तेव्हा म्हटलं ते वाक्य, ज्याची मला आजही लाज वाटते. मी म्हटलं, “अहो, या वयात? लोक म्हणतील बिचारीला घरच्यांनी उन्हात काढलं.” म्हणजे बघा, मला काळजी ताईंची नव्हती, लोकांची होती. नवरा डोक्याला हात लावून म्हणाला, “हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. स्कूटर तरी शीक.” त्यावर ताई जरा लांब बोलल्या, म्हणजे तीन वाक्यं. “दिवसभर लॅबमध्ये त्या दात चिकटवायच्या पाण्याचा वास माझ्या नाकात जातो. पस्तीस वर्षं गेलाय. आता जाता-येता पेट्रोल हुंगायला सांगू नकोस, मला हवा पाहिजे.”

शाळा सुटल्यापासून त्यांनी सायकलला हात लावला नव्हता. पहिल्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या आणि औषधवाल्याच्या पायरीला धडकल्या. दुसऱ्या दिवशी पायरी चुकवली आणि शिंपिणीच्या कुंड्या फोडल्या. शिंपीण ‘बिचाऱ्या’ म्हणाली ती तेव्हाच, आणि त्यात कुंड्यांचं दुःख जास्त होतं. ताईंनी तिला नव्या कुंड्या आणून दिल्या आणि तिसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन आल्या. बारा दिवस असंच. रोज संध्याकाळी थोडं पुढं. आमच्या वस्तीत कुणाला कुणाचं बरं बघवत नाही, पण कुणाचं पडणं बघायला मात्र सगळे खुर्च्या घेऊन बाहेर येतात. बाराव्या दिवशी ताई पडल्या नाहीत तेव्हा दोनतीन जणांचे चेहरे खरोखर उतरले होते.

एक तारखेला त्या पावणेसहाला निघाल्या. मी दारात उभी होते, तोंड फुगवून, पण उभी होते. डबा कॅरिअरला बांधला, कानाला रुमाल गुंडाळला, आणि गेल्या. रस्ता मला पाठ आहे: वस्ती संपली की विटांचे ढीग, मग ट्रकांचा मोठा रस्ता, मग भाजीचा घाऊक बाजार जिथं पहाटेपासून कुणी कुणाचं ऐकत नाही, मग तो लांबलचक पूल, आणि पुलाच्या उतारावरून एकदम शहर. नऊ सिग्नल. आठला दहा कमी असताना त्यांचा फोन आला. “पोचले,” म्हणाल्या, आणि ठेवला. मी एकटीच स्वयंपाकघरात उभी राहून हसले. राग होता तो होताच, पण हसले.

माशी शिंकली ती त्या दिवशीच. फक्त कळलं चार दिवसांनी.

कवळी पक्की करण्याआधी मेणातच रोग्याच्या तोंडात घालून बघतात. ताईंनी पहिल्या दिवशी बसवलेले सहा दात एका निवृत्त वकिलांच्या तोंडात गेले. वकीलसाहेबांनी आरसा हातात घेतला, हसून बघितलं आणि डॉक्टरांना म्हणाले, “मी आयुष्यभर कोर्टात हसलो, पण असा खोटारडा दिसलो नव्हतो.” दात एका बाजूला कलले होते. केसभरच, पण सहाच्या सहा. तेवीस किलोमीटर हँडल धरून ताईंचे तळवे झिणझिणत होते, बोटांना बधिरपणा आला होता, आणि त्यांना वाटलं की सरळ बसवतोय. काम परत आलं. पस्तीस वर्षांत ताईंच्या टेबलावरून काही परत आलं नव्हतं.

त्या संध्याकाळी त्या घरी आल्या, सायकल भिंतीला लावली आणि जेवल्या नाहीत. मी विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले होते, “मी म्हटलं होतं ना, हमालाचे हात आणि कारागिराचे हात एका अंगाला नसतात.” आणि मग, महिना बघतो, आणखी एक काम परत आलं की टेबल गेलं.

मला वाटलं, झालं, आता सायकल विकतील. माझ्या मनात कुठंतरी बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्या म्हणाल्या, “चूक माझी आहे. सायकलची नाही.” आणि आपले दोन्ही तळवे दिव्याखाली धरून बराच वेळ बघत बसल्या. अंगठ्याच्या बुडाशी लाल वळ उठले होते.

दुसऱ्या दिवसापासून त्या सव्वापाचला निघू लागल्या. सातच्या आत लॅब, मग पाऊण तास कोमट पाण्यात हात, मग टेबल. त्यानं फरक पडला, पण झिणझिण्या पुरत्या जाईनात. सायकलवाल्यानं बाजारातल्या सगळ्या मुठी लावून बघितल्या, कडक, मऊ, खाचांच्या. एकही ताईंच्या हाताला बसेना. त्यांचा हात लहान, बोटं लांब, अंगठा सुरी धरून धरून एकीकडे वळलेला. रविवारी सकाळी त्या पिशवीतून दोन डबे घेऊन बसल्या आणि मला म्हणाल्या, “माप घेऊ या.”

“कुणाचं?”

“माझ्या हाताचं.”

दाताचे डॉक्टर तोंडात जी पुट्टी घालून जबड्याचं माप घेतात, तीच त्यांनी मळली. हँडलच्या दोन्ही टोकांना थापली, सायकल स्टँडवर लावली, सीटवर बसल्या आणि मुठी आवळून पाच मिनिटं भिंतीकडे बघत राहिल्या. मी समोर पोळपाट ठेवून बसले होते. मला वाटलं फोटो काढायला बसल्यात. पुट्टी घट्ट झाली, हातांचे ठसे उमटले. त्या ठशांवरून दोन दिवसांनी लॅबमधून मुठी करून आणल्या. ज्यांच्या हिरड्या हुळहुळ्या असतात त्यांच्या कवळीला आतून एक मऊ रबर लावतात, त्या रबराच्या. ते रबर हिरडीच्याच रंगाचं असतं. म्हणजे आमच्या दारात, काळ्या सायकलला, दोन गुलाबी हिरड्या.

गल्लीत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. औषधवाला म्हणाला, “ताई, सायकलला कवळी बसवली, आता चावते का?” ताई म्हणाल्या, “पायरीवरून उतरून बघा.”

आणि इतकं करून त्या मुठी टोचल्या! पहिल्याच दिवशी अंगठ्याच्या बुडाशी फोड आला. संध्याकाळी त्या सायकलकडे बघत उभ्या राहिल्या आणि एकदम कपाळावर हात मारून घेतला. “नवशिक्यासारखं केलं मी. बसल्या हाताचं माप घेतलं!” मला समजेना. त्या म्हणाल्या, अगं, माणसाला नुसता आ करायला लावून माप घेतलं की कवळी दिसायला छान बसते आणि घास घेतला की टोचते. जबडा कामाला लागला की हिरड्या सरकतात. माप नेहमी काम करणाऱ्या तोंडाचं घ्यायचं, हा पहिल्या वर्षातला धडा. हातही तसाच. स्टँडवर बसलेला हात वेगळा, खड्ड्यावरून जाणारा हात वेगळा.

“मग?” मी म्हटलं.

“मग चालवताना घ्यायचं.”

पुट्टी घट्ट व्हायला पाच मिनिटं लागतात. त्या पाच मिनिटांत हाताची पकड सोडायची नाही, बोट हलवायचं नाही. बोट हलवायचं नाही म्हणजे ब्रेक दाबायचा नाही. म्हणजे चौपन्न वर्षांची माझी नणंद, ओल्या पुट्टीत दोन्ही हात रुतवून, ब्रेकविना वस्तीतून सायकल चालवणार. मी म्हटलं, “मी मेल्यावर करा हे.” त्या म्हणाल्या, “तू पुढं पळ आणि रस्ता मोकळा कर. मेल्यावर तुला ते जमणार नाही.”

रविवारी सकाळी सात वाजता हे झालं. नवऱ्याला टाकीपाशी उभं केलं, सायकल अंगावर घेऊन थांबवायला. मी पुढं पळत सुटले, चप्पल हातात, आणि ओरडत होते, “बाजूला व्हा! ब्रेक नाहीत! हात अडकलेत!” शिंपिणीनं कुंड्या आत घेतल्या. औषधवाला दुकानात शिरला आणि त्यानं चक्क शटर ओढलं. एक कुत्रं तेवढं मधोमध बसलं होतं. त्याला मी पहिल्यांदा हाकललं, मग विनवलं, मग उचललं. मागून ताई खड्ड्यांतून मुद्दाम सायकल घालत येत होत्या. मुद्दाम, कारण काम करणाऱ्या हाताचं माप हवं होतं. “पळ, वेग वाढतोय!” त्या मागून ओरडल्या. आयुष्यात त्यांना एवढ्या मोठ्यानं बोलताना मी ऐकलं नव्हतं. आणि त्या हसत होत्या. टाकीपाशी नवऱ्यानं दोन्ही हात पसरले, सायकल त्याच्या पोटात घुसली आणि बहीण-भाऊ वाळूच्या ढिगात. वाळूत पडल्या पडल्या ताई म्हणाल्या, “हात सोडवू नका. अजून एक मिनिट आहे.”

ते एक मिनिट आम्ही तिघं तसेच वाळूत बसलो. कुत्रं माझ्या काखेत होतं. सगळी वस्ती भोवती जमली होती, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, बघू देत. पोटभर बघू देत. बिचाऱ्या कोण आहेत ते कळेल तुम्हाला.

दुसऱ्या मुठी हाताला अशा बसल्या की ताई पुलाच्या उतारावरसुद्धा हात सैल सोडून जाऊ लागल्या. झिणझिण्या गेल्या. वकीलसाहेबांची कवळी त्यांनी पुन्हा बसवली होती, ती डॉक्टरांनी एका बैठकीत मान्य केली. त्यानंतर काही परत आलं नाही. तेवीस किलोमीटरला आता दीड तास लागत होता. माझं सगळं म्हणणं चूक निघालं होतं, आणि ते मला आवडायला लागलं होतं.

मग महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी भांडी पुसता पुसता त्या सहज म्हणाल्या, “उद्यापासून हात दाखवायला नकोत.”

“कुणाला?”

असं निघालं की महिनाभर रोज सकाळी आठला मास्तर त्यांच्या टेबलासमोर उभे राहत आणि म्हणत, “बाई, हात.” आणि ताई दोन्ही हात सरळ पुढं धरत, बोटं पसरून. मास्तर बघत. सगळी लॅब बघत असे. थरथर नाही याची खात्री झाली की ते मान हलवत आणि पुढं जात. शाळेत नखं तपासतात तसं. पस्तीस वर्षं काम केलेल्या बाईला.

माझ्या हातातली ताटली ओट्यावर आपटली. मी म्हटलं, “आणि तुम्ही दाखवलेत? रोज? आम्हाला सांगितलंही नाहीत?”

“महिना ठरला होता.”

“मी येणार उद्या. तुमच्या त्या मास्तरांना चार गोष्टी ऐकवल्याशिवाय मला घास जायचा नाही.”

“नको येऊस,” त्या म्हणाल्या. पण मी जाणार हे त्यांना माहीत होतं. एकवीस वर्षं त्यांनाही झाली आहेत.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला रजा घ्यायला लावली. त्याला पाचला उठवलं, दुसऱ्या बसच्या थांब्यापर्यंत स्कूटरवर सोडायला लावलं. तिथून दोन गाड्या, दोन्हींत उभी. एकीत माझ्या पायावर कुणाचीतरी पेटी होती. वाटेत मास्तरांना काय काय बोलायचं ते घोकत होते. पूल येईपर्यंत बारा वाक्यं तयार झाली होती. आठला पाच कमी असताना मी जिना चढून लॅबमध्ये धापा टाकत शिरले, तर ताई खिडकीजवळ बसून तासाभराचं काम संपवून होत्या. स्पिरिटचा दिवा जळत होता. प्लास्टरच्या जबड्यावर चार दात बसले होते, पाचवा चिमट्यात होता. नवा कारागीर मागच्या बाकावर आपली कापडाची गुंडाळी मांडीवर घेऊन बसला होता. त्याला आज काय ते कळणार होतं.

आठ वाजता मास्तर आले. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, गाडीची किल्ली बोटाला. मला बघून जरा थबकले, मग ताईंच्या टेबलासमोर उभे राहिले. मी पहिलं वाक्य तोंडात आणलं.

“बाई, हात,” ते म्हणाले.

ताईंनी पाचवा दात मेणात बसवला, सुरी खाली ठेवली आणि उठून उभ्या राहिल्या. “महिना काल संपला, मास्तर.”

“तो मी संपला म्हणेन तेव्हा संपेल. नियम सगळ्यांना सारखा. हात दाखवा.”

“सगळ्यांना सारखा?”

“अर्थात.”

“मग आधी तुमचे दाखवा,” ताई म्हणाल्या. “मी तेवीस किलोमीटर सायकलवरून आले. तुम्ही गाडीतून आलात.”

कुणीतरी पॉलिशचं मशीन बंद केलं. मास्तर हसले. निदान हसल्यासारखं केलं. “काय पोरखेळ आहे,” म्हणाले, आणि बोलायच्या भरात, माणूस बोलताना उचलतो तसा, उजवा हात वर उचलला. मी त्यांच्यापासून दोन हातांवर होते. किल्ली वाजत होती. बोटाला अडकवलेली किल्ली आपली आपण वाजत होती, आणि त्या शांत खोलीत ती सगळ्यांना ऐकू येत होती. मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. मग दोन्ही हात पँटच्या खिशात घातले.

माझी बाराच्या बारा वाक्यं मी विसरले. ताईंनी आपले हात पुढं केले नाहीत, मागंही घेतले नाहीत. नुसत्या उभ्या राहिल्या आणि मास्तरांच्या डोळ्यांत बघत राहिल्या. मला तेव्हा त्यांचा फार अभिमान वाटला.

“नव्या माणसाला पॉलिशशेजारचं टेबल द्या,” मास्तर कुणाकडेही न बघता म्हणाले. “दाढा बसवू दे त्याला.” आणि खिशातले हात तसेच ठेवून केबिनमध्ये गेले. दार त्यांनी कोपरानं ढकललं.

ताई खाली बसल्या. दिवा जरा सारखा केला आणि सहावा दात उचलला.

दुपारच्या सुट्टीत त्या मला सोडायला खाली आल्या. जिन्याखाली सायकल उभी होती. मला राहवेना. मी विचारलं, “तुम्हाला आधीपासून माहीत होतं?”

“सहा वर्षं झाली. त्यांनी बसवलेले दात संध्याकाळी सगळे गेल्यावर मीच सरळ करत होते. मग त्यांनी बसणंच सोडलं.”

“त्यांना माहीत होतं, तुम्ही सरळ करता ते?”

“माहीत नसतं तर बसणं सोडलं असतं का?”

“आणि सहा वर्षं तुम्ही कुणाला बोलला नाहीत? महिनाभर ते तुमचे हात बघत होते, तेव्हासुद्धा नाही?”

ताईंनी सायकलचं सीट तळव्यानं पुसलं. “महिनाभर हात दाखवले, कारण चूक माझी होती,” त्या म्हणाल्या. “आणि सहा वर्षं बोलले नाही, कारण सुरी धरायला त्यांनीच शिकवलं होतं. आज त्यांनी कारण नसताना मागितले.”